म्हशीची पापणी आणि बाळानाना

आमचे बाळानाना माणसाला रामराम घालत नाहीत, आधी त्याच्या म्हशीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात. आत लाल दिसलं तर "झ्याक हाय!" पांढुरकं दिसलं तर मालकाचं काही खरं नाही. एकदा अष्टमी गावच्या पुलावरच त्यांनी कुणाची तरी म्हैस अडवली. मागे ट्रकवाले बोंबलतायत आणि हे म्हणतात, "थांब रे, दुसरा डोळा ऱ्हायलाय!"

रोह्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून आमच्या निडी गावच्या तळ्यातल्या गोगलगायींशी त्यांचं हाडवैर. संध्याकाळी काठच्या पाण्यात माडाच्या झावळ्या टाकायच्या, सकाळी रबरी हातमोजे चढवून त्या झटकायच्या. चिकटलेल्या गोगलगायी बादलीत, तिथून चुन्याच्या खड्ड्यात. उरलेल्या टिपायला चार बदकं पाळलेली. "हिच्या पोटात जंत वाढतो गो. तो काठच्या गवताला चिकटतो. गुरानं गवत खाल्लं का थेट लिव्हरात, आन रक्त पितो!" गोगलगाय आणि पोटात पाय, एवढंच आम्हाला ठाऊक. गाव हसायचं, आणि सगळ्यात जास्त मी.

त्यांनी काठाला काट्यांचं कुंपण घातलं तेव्हा तर मी कडाकडा भांडले. "तळं काय तुमच्या आज्याचं हाय?" असं म्हणून काटे बाजूला सारले आणि माझी गाभण म्हैस, चंद्री, तिथंच चारली.

दोन-तीन महिन्यांनी चंद्रीनं वैरण सोडली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. लाजेनं मी तिला परसात लपवली. पण नाना परसाच्या दगडी गडग्यावरून उडी मारून आले, पापणी ओढली, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. स्कूटर काढून रोह्याहून गुरांच्या डॉक्टरांना मागे बसवून आणलं. "आठवडा उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते," डॉक्टर म्हणाले. औषध पाजलं. तिला तळ्यावर न्यायला नको म्हणून पुढे महिनाभर नाना रोज विहिरीच्या बादल्या वाहून चंद्रीला पाणी पाजत होते. मला मेलीला मान वर करवत नव्हती.

चंद्री सुखरूप व्याली, पारडी झाली. नानांचे उपकार कसे फेडायचे? खरवस घेऊन मी त्यांच्या परसात गेले. गोठा सारवलेला, दावं टांगलेलं, आणि आत जनावर एकही नाही.

"हे कुणासाठी, नाना?"

"आमच्या हिची गाय व्हती. ही सांगत व्हती, गळा सुजलाय, डॉक्टर आणा. मी म्हटलं, शिफ्ट उरकू दे. डबल शिफ्ट लागली, गाय गेली. ही कधी कायच बोलली नाय मला. दुसरी आणू म्हटलं, तर नको म्हणाली. आता हीपण नाय. गोठा सारवतो आपला."

मी खरवसाचं भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "नाना, आमच्या गोठ्यात जागाच पुरत नाय. दूध सुटलं का पारडी इथं आणून बांधते. तुम्हीच सांभाळा."

खरं तर आमच्या गोठ्यात अजून तीन म्हशी आरामात मावतील.

नाना खरवस तसाच ठेवून उठले. खुंटा हलवून बघितला आणि दगड घेऊन ठोकायलाच बसले.

"अवो, अजून कितीतरी महिने हायत!"

"आसू दे गो," ते मान वर न करता म्हणाले, "खुंटा बळकट हवा."