पाच ब्राउझरांचे पाटोदेकर

ज्या लग्नाची पत्रिका पाचही ब्राउझरांमध्ये उघडत नाही, त्या लग्नाला पाटोदेकर काका जात नाहीत. हा नियम त्यांनी सख्ख्या पुतण्यालाही लावला होता, त्यामुळे आम्ही शेजारी सुटण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या ताईच्या लग्नाची पत्रिका आम्ही फोनवर लिंक पाठवून दिली होती. ती उघडली की गुलाबाच्या पाकळ्या पडत आणि सनई वाजे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे. हातात फूटपट्टीने आखलेला तक्ता.

"दोन ब्राउझरांत पाकळ्या पडतात. तिसऱ्यात नुसती सनई वाजते. चौथ्यात मुहूर्त दिसत नाही, आणि पाचव्यात नवरदेवच नाही," त्यांनी बाबांना वाचून दाखवले. "नवरदेव सापडला की कळवा."

बाबांनी निमूटपणे छापील पत्रिका नेऊन दिली. काका लग्नाला आले, जिलबी मनसोक्त खाल्ली आणि निघताना ताईला म्हणाले, "कागद बघ, कुठल्याही डोळ्यात उघडतो."

बीड बायपासच्या पलीकडे, जिथे आदल्या वर्षीपर्यंत ज्वारी होती तिथे, आमची कॉलनी उभी राहिली. रस्ते आले, पाट्या आल्या, महापालिकेचे पाणी मात्र आले नाही. त्या नव्या वस्तीत पाटोदेकर काका हे जुने गृहस्थ. पूर्वज कुठल्याशा देवस्थानचे पुजारी, वडील निजामाच्या अमदानीत कारकून, आणि स्वतः काका चितेगावच्या एका कारखान्यात तपासनीस. उभी नोकरी त्यांनी आटे तपासण्यात घालवली. आटे म्हणजे नटबोल्टच्या किंवा नळाच्या अंगावरच्या त्या फिरत्या खाचा. तपासायला दोन टोकांचे गेज असते. एका टोकाचे नाव 'गो', दुसऱ्याचे 'नो-गो'. पहिले बसलेच पाहिजे, दुसरे बसता कामा नये. काका निवृत्त झाले, पण गेज त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाले नाही. भाजीवाला, भाडेकरू, बातम्या सांगणारी बाई, सगळ्यांवर ते एकच शिक्का मारत: गो किंवा नो-गो.

निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि त्यांना एक साक्षात्कार झाला. इंटरनेटवरची पाने लिहिण्याचे नियम जाहीर आहेत, फुकट आहेत, कुणाच्याही मालकीचे नाहीत. ते पाळून कुणीही पान लिहावे आणि ते पाळून कुणीही ती पाने दाखवणारा ब्राउझर बनवावा. जालन्याचा नट आणि जर्मनीचा बोल्ट जसे एकमेकांत बसतात, तसे कुठलेही पान कुठेही उघडावे.

"आटे कुणाच्या बापाचे नसतात!" हे त्यांचे पालुपद. ते म्हणताना त्यांची तर्जनी हवेत उजवीकडे फिरे, बोल्ट आवळल्यासारखी.

त्यांचा संताप होता तो बड्या कंपन्यांवर. या मंडळींनी नियमांच्या बाजूला आपापल्या खासगी सोयी जोडल्या, फोन विकताना त्यात आपलाच ब्राउझर बसवून दिला, आणि पाने लिहिणाऱ्यांना सवय लावली की आमच्याकडे नीट दिसले म्हणजे झाले. बाकीच्यांपैकी कित्येक ब्राउझरांनी एकेक करून स्वतःचे इंजिन, म्हणजे पान उलगडून दाखवणारे आतले यंत्र, काढून टाकले आणि बड्यांचेच आत बसवले. "पाट्या पाच आणि कढई एक!" काका ओरडत. "बाहेर लिहिलंय शाकाहारी, मांसाहारी, उपवासाचं. आत भजी एकाच तेलातली. आणि एका कंपनीच्या फोनवर तर दुसऱ्याची कढई ठेवायलाच मनाई! याला स्पर्धा म्हणतेत?"

ते या कंपन्यांना पत्रे लिहीत, शुद्ध मराठीत. उत्तरे यंत्राकडून येत: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यावर काका उलट टपाली विचारत: 'मोल कळवावे.'

आता माझ्या अपराधाकडे येते.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि आमच्या बोअरमधून पाण्याऐवजी गरम हवा येऊ लागली. सगळी कॉलनी खासगी टँकरवर आली. टँकरच्या मालकाचे एक जुनाट, कुरूप पान होते: दोन चौकटी, एक बटण. सकाळी आठला नोंदणी उघडे आणि थोड्याच वेळात दिवसाच्या खेपा संपत. कॉलनीचा क्रमांक पाटोदेकरांच्या घरून लागे, आणि तो कधी चुकला नव्हता.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. टँकरवाल्याचे पान नवे करण्याचे काम आमच्याकडे आले आणि साहेबांनी ते माझ्यावर सोपवले. पहिले स्वतंत्र काम. मी ते तीन आठवड्यांत उभे केले. त्यात शहराचा नकाशा होता, सरकणारे टँकर होते, थेंबाच्या आकाराची बटणे होती. माझ्या लॅपटॉपवर ते देखणे दिसे. इतर ब्राउझरांसाठी मी एक ओळ लिहिली: 'कृपया अमुक ब्राउझर वापरा.' जुने पान महिनाअखेर बंद होणार होते.

काका तक्ता घेऊन आले. या वेळी आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भीतिदायक होते.

"हे तू लिहिलंस?"

"हो काका. आवडलं?"

"पाचपैकी एकात उघडतं. नो-गो."

"काका, बहुतेक लोक तोच एक वापरतात."

"बहुतेक?" ते खुर्चीत बसले. "मी तीस वर्षं बोल्ट पास केले. बहुतेक नटांत बसणारा बोल्ट कुठं जातो, ठाऊक आहे? भंगारात. सायन्स शिकलीस ना गं तू?"

मला हा घाव लागला. "मग तुम्ही तोच एक ब्राउझर का नाही वापरत? फुकट आहे. दोन मिनिटांचं काम. निव्वळ हट्टापायी आख्ख्या कॉलनीला वेठीला धरू नका."

"जुनं पान बंद व्हायच्या आत हे सगळ्यांना उघडलं पाहिजे," ते उठत म्हणाले. "लेखी देतो."

लेखी दिलेही. दोन पाने. त्यात प्रमाण, नियम, जबाबदारी असे सगळे शब्द होते. मी साहेबांना दाखवले. ते हसले. "कोण वापरतं गं ते बाकीचे ब्राउझर? पुढचं काम घे." मी पुढचे काम घेतले. ठरलेल्या दिवशी जुने पान मी स्वतःच्या हाताने बंद केले.

त्यानंतरच्या आठवड्यात आमचा टँकर सकाळी दहाऐवजी दुपारी दोनला, अडीचला येऊ लागला. नोकरदार घरांत पिंपे भरायला कुणी नसे. कॉलनीची बैठक झाली. काका एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. कुणी काय बोलले तरी त्यांची तर्जनी फिरली नाही. नोंदणीचे काम माझ्याकडे द्यावे असे ठरले. "उद्या ग्राहक क्रमांक देतो," एवढेच ते म्हणाले. तो 'उद्या' चार दिवस आला नाही.

पाचव्या दिवशी सुटी होती. टाकीत पाइप सोडून सावलीत बसलेल्या बिरूभाऊंना, म्हणजे आमच्या टँकरच्या ड्रायव्हरना, मी उशिराचे कारण विचारले. ते मूळचे कन्नड तालुक्यातले. मेंढरे विकून टँकरवर लागलेले.

"आवो ताई, तुमचा नंबरच लागत नाय. तुमचे काका रोज सकाळी डेपोवर येतेत. स्कूटरवर. लई भांडतेत मालकाशी. मालक म्हणतो, मोबाइलवर करा. काका हलतच नाय. मंग कुणाची खेप रद झाली की मी तुमच्याकडं आणतो."

"रोज येतात? या उन्हात?"

"व्हय तर. टोपी बी नसती. म्या म्हणलं काका, चहा घ्या. तर म्हणतेत, आधी पाणी."

माझा संताप अनावर झाला. सत्तरी गाठलेला माणूस एका ब्राउझरच्या वैरापायी रोज डेपोवर उन्हात उभा राहतो, आणि खापर माझ्या पानावर! दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच मिनिटे असताना मी त्यांची बेल वाजवली. आज क्रमांक घेतल्याशिवाय हलायचे नाही.

दार शालिनीकाकूंनी उघडले. साखरेमुळे त्यांची नजर अधू झाली आहे, हे सगळ्यांना माहीत होते. किती, ते कुणी विचारले नव्हते. मी समोर असताना त्यांनी माझ्या खांद्याच्या शेजारी पाहून विचारले, "कोण गं?"

मी नाव सांगितले.

"ये, ये. बस जरा. आठ वाजत आले, तेवढा टँकर लावते."

त्यांनी एक जुना फोन कानाशी धरला आणि काचेवर बोट सरकवले. फोन बोलू लागला: 'ग्राहक क्रमांक. चौकट.' बोटाने आकडे दाबले. 'तारीख. चौकट. नोंदवा. बटण.' काकूंनी दोनदा टकटक केले. 'आपली नोंद झाली आहे.'

"झालं," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीचे समाधान. "आता बघ, सगळ्यांचे फोन येतील. टँकर कधी, पिंप धुऊन ठेवू का. एरवी मला कोण विचारतं?"

दोन चौकटी, एक बटण. ते पान जगात कुठेच नव्हते. मीच ते बंद केले होते.

आतल्या खोलीच्या दारात काका उभे होते. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हाताचे बोट ओठांवर.

"हिला फाटकापर्यंत सोडून येतो गं," ते मोठ्याने म्हणाले.

फाटकाशी मी विचारले, "ते पान तुम्ही लिहिलंत?"

"घरच्या संगणकावर ठेवलंय. नोंद कुठंच जात नाही. ती आठला लावते, मी सव्वाआठला डेपोवर असतो. तुझ्या पानावरून मलाही लावता आला असता, पण नो-गो ठरवलेला माल मी स्वतः वापरत नाही." ते किल्लीकडे बघत होते. "आधी पोथी वाचायची, ती सुटली. मग शिवण, मग गॅस. हे एक राहिलंय. तिच्या फोनवर तुझा तो ब्राउझर चढत नाही. दुकानातून नवा फोन आणून बघितला. तुझं पान त्यावर काय बोललं, ठाऊक आहे? लेबल नसलेलं. लेबल नसलेलं. लेबल नसलेलं."

माझी थेंबाच्या आकाराची बटणे. ती दिसायला बटणे होती. नियमाप्रमाणे नुसती चित्रे, बिननावाची.

"मग तेव्हाच काकूंचं सांगायचं ना! मी एका दिवसात केलं असतं."

आणि इथे काकांचा तो जुना आवाज परत आला. "का सांगायचं? तू केलंस असतं ते शालिनीसाठी. ती मेहेरबानी झाली. मी मेहेरबानी मागत नव्हतो, प्रमाण मागत होतो. बोल्ट बनवणाऱ्याला नट कुणाच्या घरी जाणार ते कळावं लागतं का?"

विज्ञान शिकलेल्या माणसाने एकाच उपकरणावर एकच मापन घ्यावे आणि त्याला निष्कर्ष म्हणावे, याची लाज मला आजही वाटते. आणि संतापही येतो: सगळ्यांच्या दाराला फक्त स्वतःच्याच किल्ल्या विकणाऱ्या त्या कंपन्यांचा, आणि तितकाच माझ्यासारख्या हुशार मुलींचा, ज्या 'बहुतेक' हा शब्द तोंडावर फेकून माणसे वगळतात आणि त्याला वेग म्हणतात.

मी साहेबांना सांगितले की पानात दोष आहे, माझा आहे, आणि दुरुस्त केल्याशिवाय मी पुढच्या कामाला हात लावणार नाही. त्यांनी विचारले, "तक्रार कुणाची आहे?" मी म्हटले, "नियमांची." नकाशा गेला, सरकणारे टँकर गेले. दोन चौकटी राहिल्या आणि एक बटण, ज्याचे नाव बटणालाच सांगता येत होते. शब्द मी काकांच्या पानावरून जसेच्या तसे घेतले, म्हणजे काकूंच्या कानाला फरक जाणवू नये. काकांनी ते पाचही ब्राउझरांत तपासले, तक्ता भरला, आणि पान सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी काकूंच्या फोनमध्ये पाने गुपचूप बदलली.

सकाळी आठला मी काही निमित्त काढून तिथे होते. काका आतल्या खोलीत पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

'नोंदवा. बटण.' टकटक. 'आपली नोंद झाली आहे. खेप क्रमांक तीन. सकाळी दहा.'

काकूंनी फोन मांडीवर ठेवला आणि त्या ऐकत राहिल्या. मान किंचित कलती, खिडकीकडे. बाहेर कुठेतरी कुकरची शिटी झाली, एक रिक्षा गेली. एवढेच.

"आज स्कूटर निघाली नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

काकूंनी चाचपडत माझा हात धरला. "त्यांना नको सांगूस हं. रोज घामाने भिजून यायचे आणि म्हणायचे, जरा बागेत फिरून आलो." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी आवाज चढवला, "अहो, ऐकलंत का? दहाचा टँकर मिळाला!"

"मिळणारच," आतून उत्तर आले. "रोजच मिळतो की तुला."