तपकिरी कोटाचा उजवा खांदा

टेलरमास्तरांना राग यायला मोठं कारण लागत नसे, पण त्या सोमवारी कारण चांगलं हातभर होतं. दुकानातला संगणक सुरू केला तर पडदा लालभडक, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर: तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर पैसे भरा.

"मापं माझी आणि कुलूप यांचं?" मास्तर म्हणाले. "हा कुठला न्याय?"

त्या संगणकात बाराशे गिऱ्हाइकांची मापं होती. ती एक वेळ पुन्हा घेता आली असती. पण नव्या हॉटेलच्या अडतीस नोकरांच्या गणवेशांची मापंही त्यातच होती. कापड येऊन पडलं होतं, आज कात्री लावायची होती, शनिवारी हॉटेल उघडायचं होतं. हॉटेलच्या मॅनेजरनं आधीच बजावलं होतं की माणसं मी एकदाच रांगेत उभी करीन, घोळ झाला तर सरळ रेडिमेड मागवीन. रेडिमेड हा शब्द मास्तरांच्या दुकानात शिवी धरला जाई. एवढी मोठी ऑर्डर त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती रेडिमेडच्या घशात जायची वेळ आली होती.

मास्तरांनी पुतणीला फोन लावला. ती कॉलेजात संगणक शिकवायची आणि काकांना शिकवून शिकवून थकली होती.

"काका, शनिवारी कुठली मेल उघडलीत?"

"कुरिअरवाल्यांची. म्हणे तुमचा पत्ता अपूर्ण आहे. सत्तावीस वर्षं मी याच गाळ्यात बसतोय, आणि पत्ता अपूर्ण? चांगलं सुनवावं म्हणून उघडली."

"आणि खालचं बटण दाबलंत?"

"दाबलं. सुनवायला दुसरी जागाच ठेवली नव्हती मेल्यांनी."

पलीकडून एक उसासा ऐकू आला. "बरं, इंटरनेटची वायर काढून टाका. संध्याकाळी येऊन मी सगळं पुसून स्वच्छ करते. दोन पेनड्राइव्हवर प्रती घ्यायला सांगितल्या होत्या, त्या आहेत ना?"

"आहेत. चोराच्या बापालाही सापडणार नाहीत अशा जागी आहेत."

"छान. पण मी येईपर्यंत या संगणकाला लावू नका. व्हायरस त्यांनाही धरेल."

फोन ठेवतात न ठेवतात तोच चार दुकानं पलीकडचे दातांचे डॉक्टर आत आले. हातात पिशवी, पिशवीत कोट.

"मास्तर, डावा खांदा टोचतोय."

"माझ्या हातचा खांदा टोचत नाही."

"टोचतोय हो. आत खडा असल्यासारखा."

एरवीच हे ऐकून मास्तरांचं डोकं तापलं असतं. आज तर ते सकाळपासून चुलीवरच होतं. कोट कोणता, कधी नेला, हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. "डॉक्टर, तुम्ही उपटलेल्या दाताबद्दल मी कधी तोंड उघडलंय? नाही ना? मग खोट असेल तर ती तुमच्या खांद्यात असेल. या आता."

डॉक्टर आले तसे पिशवी घेऊन गेले. मागच्या खोलीत काजं-बटणं करणारी मास्तरांची बायको बाहेर आली.

"अहो, त्यांच्यावर कशाला खेकसलात? आणि त्या प्रती कुठे आहेत?"

मास्तरांचा चेहरा जरा उजळला. "चोर संगणक उचलेल, कपाट फोडेल. पण काचेतल्या पुतळ्याच्या कोटाला कोण हात लावतंय? अस्तर उसवलं, खांद्याच्या गादीत पेनड्राइव्ह घातला, वरून टीप मारली. एक डाव्या खांद्यात, एक उजव्या."

"दोन्ही एकाच कोटात?"

"मग काय एक खांदा उंच ठेवू? रस्त्यावरून लोक बघतात."

एवढं बोलून त्यांनी ऐटीत पुतळ्याकडे बोट केलं. पुतळ्याच्या अंगात निळा कोट होता.

"तपकिरी कुठे गेला?"

"तो मी शुक्रवारी विकला की. तुम्ही कापड आणायला गेला होतात. काचेतला माल काचेत म्हातारा होऊ देऊ नये, हे तुमचंच म्हणणं."

"कोणाला विकलास?"

"आत्ता ज्यांना हाकललंत त्यांना," ती म्हणाली.

दवाखान्याच्या चार पायऱ्या मास्तरांना त्या दिवशी चाळीस वाटल्या. बाकावर सहा पेशंट गाल धरून बसले होते.

"खोट माझ्या खांद्यात आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातली कात्री चाचपली. "डावा जरा बघून घ्यावा म्हटलं."

"आणि उजवा?"

खरं तर इथेच हो म्हणायचं. पण एका दिवसात दोन्ही खांदे कबूल करायचे म्हणजे धंद्याला बसून काय उपयोग? शिवाय मापं एका पेनड्राइव्हवर होती तशीच दुसऱ्यावर. "उजवा निर्दोष आहे," मास्तर सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले. "असा खांदा कोणी बसवून दाखवावा."

तिथेच बसून त्यांनी डावा खांदा उसवला, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि टाके घालून दुकान गाठलं. संध्याकाळपर्यंत धीर धरला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर अडतीस गणवेशांचं कापड पसरलेलं, कात्री हाताशी, आणि मापं खिशात.

"तिनं लावू नका म्हणून सांगितलंय," बायको म्हणाली.

"माझा संगणक, माझा पेनड्राइव्ह, माझीच मापं. घरच्या माणसाला घरात शिरायला परवानगी लागते का?"

आणि त्यांनी तो लावला. क्षणभर मापांची यादी दिसली. मग एकेका फायलीचं नाव डोळ्यांदेखत बदलत गेलं आणि पडदा पुन्हा लाल झाला. बायको हातातलं बटण टाचत राहिली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

मास्तर पुन्हा दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांच्या खुर्चीत एक माणूस आ वासून पडला होता.

"आता काय?"

"उजवा खांदा."

"तो तर निर्दोष आहे. तुम्हीच म्हणालात."

"सदोष आहे," मास्तर हळूच म्हणाले. सत्तावीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "मास्तर, माझं ऐका. तीस वर्षं लोकांच्या तोंडावर वाकून माझा उजवा खांदा दोन बोटं खाली आलाय. कुठलाही कोट घातला की तिथे खड्डा पडतो. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी हातचा खांदा मला बसला. डाव्याचं काय ते करा, उजव्याला मी हात लावू देणार नाही. ही कारागिरी आहे."

असं कौतुक ऐकण्यासाठी मास्तरांनी हयात घालवली होती. आणि आज ते ऐकू आलं तर घेता येईना. त्यांनी सगळं सांगून टाकलं: लाल पडदा, कुरिअर, अडतीस गणवेश, पुतळा. खुर्चीतला माणूस आ वासलेलाच होता, तो आणखी वासला.

"म्हणजे ती कारागिरी नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पेनड्राइव्ह आहे."

डॉक्टरांनी कोट खुंटीवरून काढला. मग म्हणाले, "न्या. पण काम झालं की होतं तसं परत घालून द्यायचं."

संध्याकाळी पुतणीनं संगणक धुऊन पुसून काढला, मापं परत आणली, आणि शनिवारी अडतीस माणसं मास्तरांच्या गणवेशात हॉटेलच्या दारात उभी राहिली. मधल्या दिवसांत मास्तरांनी डॉक्टरांच्या उजव्या खांद्यात कापूस घालून पाहिला, फोम घालून पाहिला, दुहेरी कॅनव्हासही लावून पाहिला. दर वेळी डॉक्टर आरशात बघून मान हलवत आणि म्हणत, "नाही, ते नाही."

शेवटी पेनड्राइव्हच परत घालावा लागला. "चांगलंच झालं काका," पुतणी म्हणाली. "एक प्रत दुकानाबाहेर ठेवा, हेच तर मी दोन वर्षं सांगतेय."

आता दर महिन्याच्या एक तारखेला मास्तर कात्री आणि सुईदोरा घेऊन दवाखान्यात जातात, उजवा खांदा उसवतात, नवी मापं भरून आणतात आणि पुन्हा शिवून देतात. बाकावरच्या पेशंटांना डॉक्टर अभिमानानं सांगतात, "माझा टेलर महिन्याच्या महिन्याला येऊन खांदा तपासतो. अशी माणसं आता राहिली नाहीत."

मास्तरांचे कान तापतात. पण ते मान खाली घालून टाके घालत राहतात.