बिनगाडीचं फाटक

रोज दुपारी, ऐन जेवायच्या वेळेला, आमचे धर्माकाका फाटक बंद करायचे. अंगात खाकी कोट, डोक्यावर टोपी, काखेत हिरवा झेंडा, हातात लाल. शिट्टी अशी मारायचे की कँटीनमध्ये माझ्या हातातला झारा हलायचा. फाटकाच्या अलीकडे बॅटरीच्या छोट्या गाड्यांत बसलेले हाफपँटवाले साहेब ताटकळलेले, आणि काका डोळ्यांवर आडवा हात धरून उभे.

"थांबा. गाडी येतेय."

आता त्या रुळांवर गाडी यायची कुठून? एका टोकाला रूळ करवंदीच्या जाळीत घुसलेत, दुसऱ्या टोकाला हॉटेलचा पोहायचा तलाव आहे. पण काकांना सांगणार कोण?

पनवेल-रोहा लाइनीचा एक फाटा जिते स्टेशनाच्या अंगाला आमच्या वाडीत आला होता, डोंगरातली खडी न्यायला. पुढे खाण बंद पडली, डबे यायचे थांबले, रूळ मात्र भरावावर गंजत राहिले. आम्ही त्यांच्यावर मिरच्या वाळत घालायचो. मग मुंबईचा एक शेठ आला. त्याने रुळांच्या दोन्ही अंगांची भातखाचरं घेतली आणि त्यात गवत लावलं. जन्मभर आम्ही भातातलं गवत उपटलं, आणि ह्या बाबाने भात काढून गवत पेरलं! वर त्या गवतावर पाय ठेवायची फी.

गोल्फ म्हणजे काय ते मी सांगते, मी तिथल्या कँटीनला आहे. काठीने बॉल लांब मारायचा आणि मग गाडीत बसून तो हुडकायला जायचं. हुडकायचाच होता तर मारला कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मुकादमाने मला कांदे सोलायला बसवलं.

रूळ उखडायचं ठरलं, तेव्हा ते नक्की कुणाचे हेच कुणाला सांगता येईना. शेठ हुशार. म्हणाला, राहू द्या, शोभा आहे. रुळांना रंग मारला, कडेला फुलझाडं लावली, लाकडी फाटक बसवलं. बॉल अलीकडून मारायचा, तो भरावावरून उडून पलीकडच्या हिरवळीत पडला पाहिजे. साहेब लोकांना त्याचं भारी कौतुक. मग शोभेला एक फाटकवालाही पाहिजे झाला, आणि शेठने नेमके आमचे धर्माकाका उचलले.

ह्या माणसाने रेल्वेत एक दिवस नोकरी केली नव्हती. उलट त्याच रुळांनी त्यांच्या शेताचे दोन तुकडे केले होते. तरुणपणी खडीचे डबे आले की काका बांधावर उभे राहून त्यांना ढेकळं मारायचे आणि इंजिनाच्या सात पिढ्या उद्धरायचे. आणि म्हातारपणी त्याच गाडीची शिट्टी तोंडात! मी एकदा बोललेही, "काका, लाज नाय वाटत?"

"वाटते ना. पण कोट गरम हाय," म्हणाले.

कोट अंगात आल्यावर मात्र काका रेल्वेच्या वर रेल्वे झाले. "लाल म्हंजे लाल," हे त्यांचं पालुपद. शेठची गाडी असो नाहीतर झाडूवालीची पाटी, त्यांनी हिरवा दाखवल्याशिवाय कुणी रूळ ओलांडायचा नाही, बॉलनेसुद्धा नाही. एकदा एका जाड्या साहेबाने विचारलं, "कुठली गाडी येतेय बाबा?"

"खडीची."

"कधी येणार?"

"लेट हाय."

"किती लेट?"

"साहेब, रेल्वे हाय ती. तुमचं जावई हाय का, सांगून यायला?"

साहेब लोक खो खो हसायचे, काकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. काका फोटोत कधी हसले नाहीत. मला वाटायचं, म्हातारा सटकलाय. अख्ख्या वाडीलाच तसं वाटायचं. आणि त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. कारण म्हणजे आमची पारूकाकी.

पारूकाकी काकांची बायको. रुळापलीकडचं, उरलेलं खाचर तिचा जीव होतं. सातबाऱ्यावर नाव काकांचं, पण चिखलात पाय हिचे. शेठची माणसं आली तेव्हा तिने त्यांना कोयता दाखवून हाकललं होतं. पण चारी बाजूंच्या जमिनी गेल्या, वाट तुटली, आणि काकी भावाकडे लग्नाला रोह्याला गेली असताना काकांनी सही करून टाकली. ती परत आली तेव्हा तिच्या बांधावर सिमेंटचे खांब उभे होते. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. वर्षांमागून वर्षं गेली. एकाच घरात राहायची, एकाच चुलीवर दोघांचं रांधायची आणि आमच्या पडवीकडे तोंड करून ओरडायची, "सुमन गो, तुझ्या काकाला सांग, भात निवतोय!" काका तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी आपली हातातलं काम टाकून जाणार आणि सांगणार, काका, भात निवतोय. म्हणजे ह्यांचं भांडण आणि खेटे माझे.

वर तिची जिद्द बघा. गोल्फवाल्यांना गवत निंदायला बाया पाहिजेत कळल्यावर पहिलं नाव हिने दिलं. आणि काम मागून घेतलं ते रुळापलीकडचंच, तिच्याच खाचरातलं. काकांनी शेठचा कोट घातला तो त्याच आठवड्यात. मी तेव्हा दोन आणि दोन चार केले नाहीत. मला वाटलं, म्हातारा पगाराला भुलला.

एके दिवशी फाटकाशी खोळंबलेल्या साहेबांना सरबत द्यायला मला पाठवलं. काका नेहमीसारखे हात आडवा धरून उभे. सहज त्यांच्या शेजारी जाऊन मी पाहिलं, तर ते रुळांच्या टोकाकडे बघतच नव्हते. समोर पलीकडे बघत होते. तिथे बाया भाकरी खात बसल्या होत्या. बाकीच्या भरावाच्या सावलीला, आणि पारूकाकी एकटी भर उन्हात मधोमध, जिथे तिचा बांध होता तिथे, खेळणाऱ्यांकडे पाठ करून. एरवी कुणी बॉल मारायला आलं की मुकादम ओरडून बायांना बाजूला करायचा. पण जेवायच्या वेळेला मुकादम स्वतः माझ्या कँटीनला येऊन ताटावर बसायचा. अशाच एका दुपारी एक बॉल येऊन त्या बायांतल्या सोनूबाईच्या खांद्यावर बसला होता, हात महिनाभर गळ्यात होता. काकांची खडीची गाडी त्यानंतरच सुरू झाली होती.

काकीने फडकं झटकलं, उठली. काकांनी लगेच हिरवा दाखवला. "गेली गाडी!"

"काका," मी हळूच म्हटलं, "मॅनेजरला खरं सांगा ना."

"सांगू आनि काय? म्हनंल, बाया नकोत मग. गवत कापायची मशीन आनून ठेवलीच हाय त्यांनी." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू सरबत वाट."

त्यानंतर मी सरबताचे पेले मुद्दाम सावकाश भरायला लागले.

पण असली सोंगं किती दिवस चालणार? शेठच्या ओळखीचा कुणी बडा माणूस आला, उन्हात तापला आणि मॅनेजरवर भडकला. मॅनेजरने हुकूम काढला, फाटक फक्त रविवारी, फोटोपुरतं. काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक लावलं. मॅनेजर तरातरा आला. अजून मिसरूड नीट फुटली नव्हती त्याची.

"काका, कुठाय गाडी?"

"लेट हाय."

"अहो, इथे गाडीच नाही!"

काकांनी कोटाची बाही चिमटीत धरून दाखवली. "मंग मला ह्ये कपडे कशाला दिलं?"

सगळे हसले. मॅनेजर नाही हसला. त्याने तिथल्या तिथे कोट उतरवून घेतला, टोपी घेतली, झेंडे घेतले. काका बनियनवर उभे राहिले. ज्या साहेबांनी खांद्यावर हात टाकून फोटो काढले होते, त्यातला एकही पुढे आला नाही. आमच्या हातची भजी चापतात मेले, आणि वेळ आली की घड्याळ बघतात. पलीकडे पारूकाकी भाकरी चावत होती. तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले, तर काका आमच्या पडवीत येऊन बसलेले. मला वाटलं, नोकरीसाठी कुणाकडे शब्द टाकायला सांगतील. बराच वेळ ते पडवीचं सारवण नखाने उकरत बसले.

"सुमन, तिला सांग, आजपास्नं भरावाच्या आडोशाला बस जेवायला. मधे बसू नको म्हनावं."

"सांगते."

"माझं नाव घेऊ नको गो. नायतर मुद्दाम मधेच बसंल."

त्या दोघांचाही मला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मुकादम ताटावर बसला तशी मी कँटीन सोडून पळत गेले. काकी भाकरीचं फडकं सोडत होती. मी म्हटलं, "काकी, भरावाकडे बसा ना, तिथं सावली आहे."

काकीने मला खालवर न्याहाळलं. "ह्ये तुला सुचलं नाय गो."

आणि ती तिथेच बसली. मधोमध, पाठ करून.

अलीकडून टोला वाजला. बॉल तिच्या डोक्यावरून लांब गेला. काकी हलली नाही, घास मोडत राहिली. मला तारेच्या कुंपणापाशी काहीतरी हललेलं दिसलं. पार पलीकडे, जिथे बॉल कधीच पोचायचा नाही, तिथे रस्त्यावर धर्माकाका दोन्ही हातांनी तार धरून उभे होते, आणि दर टोल्याला डोकं खाली घालत होते.