संचालकांच्या नावाचा कोळी

प्राण्याला नाव मिळेपर्यंत तो शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, आणि नाव मिळालं की तो स्वतःचा राहत नाही. संग्रहालयाच्या कीटक विभागाला हे तत्त्व पूर्ण पटलेलं होतं. (कोळी हा कीटक नव्हे, ही बाब विचाराधीन होती.)

विभागात कोळ्यांचा अभ्यास करणारी एकच बाई होती. सगळे तिला कोळीबाई म्हणत. तिची नेमणूक हंगामी. मुदतवाढ संचालकांच्या मर्जीवर. यंदा तिला नवी जात सापडली होती. खरं तर तिच्या मावशीला. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या मावशीने न्हाणीघराच्या खिडकीतला एक चिमुकला कोळी औषधाच्या बाटलीत घालून आणून दिला होता. कोळीबाईने सगळे ग्रंथ पालथे घातले. असा कोळी कुठेच नव्हता! तिने त्याला मावशीचं नाव द्यायचं ठरवलं. आईमागे मावशीनेच तिला वाढवलं होतं.

संचालकांनी अभिनंदन केलं आणि स्वतःचं नाव सुचवलं. आपलं नाव आपणच द्यायचं नाही असा या शास्त्रातला शिष्टाचार आहे, म्हणून ते देण्याचं काम त्यांनी मोठ्या विनयाने तिच्यावर सोपवलं. मग त्यांनी वर्णन वाचलं.

‘स्वतः जाळं विणत नाही. दुसऱ्याच्या जाळ्यात राहून आयतं खातो. पोट फुगीर. धक्का लागताच मेल्याचं सोंग करतो. पाय आठ.’

“हे कोणाबद्दल आहे?”

“कोळ्याबद्दल, सर.”

“लोकांना तसं वाटायला हवं ना!”

जाळं गेलं. आयतं खाण्याचा ‘सहकारी तत्त्वावर आहार’ झाला, पण टंकलेखक हसला म्हणून तोही गेला. पोट आदरापोटी वगळलं. सोंगाचं वाक्य संचालकांनी स्वतःच्या हाताने खोडलं. राहिलं ते ‘पाय आठ.’

“सर, यात जगातले सगळे कोळी बसतात. विंचूही. गोचीडसुद्धा. आपला कोळी ओळखायचा कसा?”

“बाई, तुमचा मुदतवाढीचा कागद टेबलावर पडलाय. तोही मला ओळखू येईना झालाय.”

तिने सही केली. जगात सर्वत्र आढळणारी जात शोधल्याबद्दल विभागाचा सत्कार झाला.

घरी मावशीने विचारलं, “काय गं, ठरलं का माझ्या कोळ्याचं नाव?”

कोळीबाईने सांगितलं.

“असू दे. नोकरी राहिली ना?” मावशी म्हणाली, आणि पानं घ्यायला उठली. ती रागावली असती तर कोळीबाईच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

तिच्या जागी आपण असतो तर सही केली नसती, असं वाचकांना वाटत असेल. ते योग्यच आहे. आजवर ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सर्वांनी हेच सांगितलं. असल्या कागदांनी जगभरच्या कचेऱ्यांतली कपाटं भरली आहेत, आणि प्रत्येकावर कोणाची तरी सही आहे. ती करणारी जात मात्र शास्त्राला अद्याप सापडलेली नाही.