आप्पांची गाडी

आमच्या पलूसच्या गल्लीत हवालदार आप्पांच्या नातीच्या गाडीला कुणी ‘खुर्ची’ म्हटलं, की आप्पा त्याला चहा पाजत नाहीत. माझाही एकदा असाच बुडाला. बोलूनचालून ती खुर्चीच. खाली चाकं, बॅटरीची मोटर आणि हाताशी एक दांडी. पण आप्पांनी उभी हयात फौजेत ट्रक चालवलेला. म्हणाले, “खुर्चीवर पुढारी बसत्यात. आमची गौरी गाडी चालवती.”

गौरी चार वर्षांची. पायांत जन्मापासून बळ नाही, म्हणून दिवसभर आप्पांच्या खांद्यावर. तिची आई सुनंदा, म्हणजे आप्पांची सून, या गाडीच्या पहिल्यापासून विरुद्ध. एवढ्याशा पोरीच्या हातात मोटर द्यायची म्हणजे काय? शिवाय बसायची सवय लागली तर पोर हातपाय हलवायची नाही, ही धास्ती. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की जितकी फिरेल तितकी शिकेल. शेवटी सुनंदानं अट घातली. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर गाडी परत.

दसऱ्याला आप्पांनी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडून गाडी सुटली ती थेट माझ्या तुळशीवर. कुंडीचे तुकडे झाले. आप्पांनी जागेची पाहणी केली आणि निकाल दिला, “मास्तर, तुमची तुळस राँग साईडला हाय.”

मी नवी कुंडी आणली. तीही तिथंच ठेवली, मुद्दाम.

मग रोज सकाळी परेड. आप्पा पुढं उलटे चालत, गौरी मागून. कुणी ढकलायला हात लावला की आप्पा भडकायचे, “हात नगं. डायवर बसलीया.” डायव्हर मात्र रोज भिंतींना धडकत होती. दिवाळी तोंडावर आली तशी गाडी जाणार असं आम्ही सगळ्यांनी धरलंच होतं.

एका संध्याकाळी आप्पांनी तिला जेवणाआधी चिक्की द्यायला नकार दिला.  गौरीनं गाडी वळवली, पायरीवरच्या फळीवरून हळूच उतरली, माझ्या तुळशीला व्यवस्थित वळसा घातला आणि माझ्या अंगणात सगळ्यांकडे पाठ करून थांबली. सुनंदा धावत आली ती फाटकातच उभी राहिली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. गाडी परत द्यायचा विषय तिथंच मिटला.

थोड्या वेळानं आप्पा आले ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. मी विचारलं, कसले पेढे?

“गौरी रुसून गेली,” आप्पा म्हणाले. “आजवर रुसली तरी माझ्याच खांद्यावर बसून रुसायची, मास्तर. दुसरीकडं जाणार कशी? आज आपली आपण गेली.”

मग ते नातीजवळ गेले आणि सवयीनं हात पुढं केले.

“नगं,” गौरी म्हणाली. “साईड द्या.”

आप्पांनी साईड दिली. ती गेल्यावर बराच वेळ ते माझ्या पायरीवर खांदा चोळत बसून राहिले. दुखतोय का, मी विचारलं.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “हलका लागतूय.”