भुजंगदेवांचा घोडा

गाव वसवणाऱ्याचा मान राखायचा तर त्याला उंचावर उभं करावं लागतं. जमिनीवर राहिला तर तो रहदारीच्या आड येतो.

हे सत्य पटल्यामुळे परभणीपासून तासाभरावरच्या त्या गावात राजा भुजंगदेवांच्या पुतळ्यासाठी चौदा जणांची स्मारक समिती नेमली गेली. आठशे वर्षांपूर्वीच्या या राजांचे पुरावे दोनच: चौकातली पायऱ्यांची बारव आणि तिच्या काठचा कोरीव दगड. दगडावर चार ओळी, खाली एक चार पायांचा प्राणी. तो घोडाच, यावर अकरा सदस्यांचं एकमत झालं. दोघे खेचर म्हणाले. एक जण गैरहजर होता, म्हणून त्याला बहुमतात धरलं.

मुंजाजी गुरुजींना मात्र तो प्राणी ठाऊक होता. निवृत्त झाल्यापासून ते याच बारवेच्या पायऱ्यांवर पोरांना गणित शिकवत. दगडावरच्या जुन्या ओळीही त्यांनी वाचून लावल्या होत्या. (पोरांना तीनच सांगितल्या. चौथी मोठं झाल्यावर, असं ठरलं होतं.)

अडचण एवढीच, की पुतळा चौकाच्या मधोमध हवा होता आणि मधोमध बारव होती. ती बुजवायचं ठरलं तेव्हा गुरुजी काठी टेकत सभेला गेले.

"कल्याणराव, त्यो घोडा न्हाई. गाढव हाय."

"आवो गुरुजी, राजा गाढवावर बसल का?" अध्यक्ष कल्याणराव हसले.

"राजा कशाला बसल? जो ही बारव बुजवील, त्याच्यासाठी हाय ते. शाप हाय."

मग गुरुजी अध्यक्षांच्या कानाशी लागले. तो कान लाल झाला.

"आईवर?"

"आईवर."

"कानात काय सांगायलात? मोठ्यानं सांगा की!" समितीतल्या एकमेव महिला सदस्य सविताबाई म्हणाल्या. "आमीबी सदस्य हाव."

सखोल चर्चेअंती ठराव क्रमांक चार संमत झाला: (अ) सदर शाप आठशे वर्षांत वापरात नसल्याने तो रद्द समजावा, (ब) तरीही लागल्यास त्याची अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवावी, (क) सदस्यांच्या मातोश्रींना त्यातून वगळावे.

भूमिपूजनाला राजांचा संदेश वाचायचा मान गुरुजींनाच मिळाला. बारव वाचवायची ही शेवटची संधी होती. पोरांसमोर, गावासमोर, त्यांनी खणखणीत आवाजात चारही ओळी वाचल्या: ही बारव भुजंगदेवानं बांधली. पाणी सगळ्यांचं. जो ती बुजवील आणि जो ते बघत उभा राहील, त्याच्या आईवर हे गाढव.

हशा पिकला, टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी जयजयकार केला. त्याच उत्साहात कल्याणरावांनी मुरमाची पहिली पाटी बारवेत ओतली. भराव कमी पडला तेव्हा घराघरांतून राडारोडा आला. (इतका लोकसहभाग मतदानालाही नसतो.)

आता पुतळा उभा आहे. घोडा दगडावरच्या चित्राबरहुकूम घडवलाय. कान जरा लांब आहेत. शिल्पकार प्रामाणिक होता. येणारेजाणारे गाडी थांबवून नमस्कार करतात.

गुरुजी हल्ली चौथऱ्याच्या सावलीत शिकवतात. परवा त्यांनी गणित घातलं: बुजवणारे चौदा, तर शाप एकूण किती जणांना? पोरं बोटांवर मोजून दमली.

"गुरुजी," पोरांतल्या छोट्या भक्तीनं विचारलं, "जे नुसते हसले, त्यांनाबी धरायचं का?"

गुरुजींनी तो प्रश्न गृहपाठाला दिला.

(वाचकांनी आपल्या गावची बारव कुठे होती, हे आठवून मगच उत्तर लिहावं.)