डोमाजी बेट सोडत नाहीत

वांग्याला अंगठा लावलेला डोमाजींना खपत नाही. दाबून पाहणाऱ्याला ते वांगं विकत नाहीत. त्या हंगामात नाही आणि पुढच्या कुठल्याच नाही. मी दाबलं होतं. त्याला आता चार हिवाळे झाले.

शहरातल्या इतवारी बाजारात माझं भरीत-भाकरीचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली. भल्याभल्यांकडून भाव पाडून घेतले, आणि खापा गावचा हा म्हातारा मला चार माणसांदेखत म्हणाला, "शेठ, डाक्टर हाय का तू? वांग्याची नाडी काहून पाहून राहिला? ठेव खाली!" तो चटका अजून गेलेला नाही.

डोमाजींची शेती कन्हान नदीच्या मधोमध. पावसाळ्यात बुडणारं बेट दिवाळीच्या सुमारास उघडं पडतं. गाळ काळाभोर. त्यातली भरताची वांगी भाजली की लोण्यासारखी सुटतात, हे मला शत्रूच्या मालाबद्दल लिहावं लागतंय. होळीपर्यंत डोमाजी तिथेच, तुराट्यांच्या झोपडीत, एकटे. पहाटे नदीच्या गार पाण्यात अंघोळ करतात. "थंडी काही करत नाही गा, आपणच तिले भाव देतो!" असं म्हणतात आणि मग तासभर शेकोटीला चिकटून बसतात. का, विचारलं तर, "शेकोटीले एकटं वाटते."

यंदा कडाक्याच्या थंडीत त्यांची मुलगी वैशाली माझ्या दुकानात आली. ती शहरातच, हुडकेश्वरला राहते, नवरा-बायको दोघंही नोकरीला.

"काका, तुम्ही दगडाकडूनही भाव पाडून घेता. बाबांना तेवढं बेटावरून उतरवा. रविवारी मी गेले तर तीन दिवसांपासून तापात पडलेले. कोणाला पत्ताच नाही!"

"उतरवले तर वांगी माझी," मी म्हणालो.

चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून गेलो. पायांची लाकडं झाली. डोमाजी शेकोटीपाशीच होते.

"काहून आला गा? अंगठा शिवशिवून राहिला का?"

मी थेट सौद्याला हात घातला. "आठ दिवस पोरीकडे चाला."

"नाही."

"चार."

"नाही."

"बरं, थंडीची लाट जाईपर्यंत."

"लाटेलेच सांग, तू जाय म्हणा."

माझं डोकं फिरलं. "इथं मेले तर कोणाले कळणार नाही, म्हातारबा!"

"वांग्यायले कळन."

मी उठलोच होतो. डोमाजींनी एक काडी निखाऱ्यात खुपसली आणि आवाज एकदम खाली आणला.

"गेल्या साली पावसाळ्यात गेलो होतो ना तिच्याकडे. वीस दिवस राहिलो. घर चांगलं हाय, गरम पाणी हाय. सकाळी दोघंबी डबा घेऊन जात, संध्याकाळी थकून येत. 'बाबा, जेवले का?' 'जेवलो.' झालं बोलणं. इथं असलो का दर रविवारी येते. दिवसभर भांडते माह्याशी. भांडता भांडता भाकरी टाकते. हो म्हटलं, तर कशाले भांडन ती?"

मी चपला पुन्हा हातात घेतल्या.

पाणी ओलांडून काठावर आलो आणि वैशालीला फोन लावला.

"नाही म्हणतात."

"मग मी काय करू, काका? दर रविवारी जाऊन नुसती भांडतच राहू?"

"हो!" मी ओरडलो. "आणि बुधवारीही जात जा!"